वरच्या मजल्यावरची शाळा

दारावर थाप पडली की शहाणं माणूस आधी खिडकीतून बघतं. वर्गणीवाला असला, काही विकायला आलेला असला, तर आतून आवाज द्यायचा नाही. तो थोडा वेळ थांबतो आणि आपोआप जातो. मी जन्मभर असंच केलं आणि माझं काही बिघडलं नाही. माझ्या वरच्या मजल्यावर जी बाई राहायची, तिला हे कधी जमलं नाही. थाप पुरती पडायच्या आत ती दार उघडायची, तेही सताड, आणि समोरचा कोण हे न विचारताच म्हणायची, "या, बसा. पाणी आणते." एकदा विजेचं मीटर बघणाऱ्याला तिने पोहे खाऊ घातले. पुढच्या महिन्यात तो बरोबर नाश्त्याच्या वेळेला आला.

आम्ही तिला वरची म्हणायचो. तिला नाव होतं, चांगलं होतं, पण माझ्याकडे भाडेकरू येतात आणि जातात, सगळ्यांची नावं कुठे लक्षात ठेवू. माणसं अमरावतीकडची. नवरा केंद्र सरकारच्या एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला, बदली होऊन जबलपूरला आलेला. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा, आला की चपला सरळ रेषेत ठेवायचा. त्याच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ नाही. मुलगी एकच, रेवा. नर्मदेच्या गावी आले म्हणून नर्मदेचंच हे नाव ठेवलं असं लोकांना वाटायचं, पण ती तिकडेच जन्मली होती आणि नावही तिकडचंच.

शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस झाले तरी पोरगी घरातच दिसे. मी जिन्यात वरचीला गाठलं.

"काहून व, पोरीला बरं नाही का?"

"बरी आहे, काकू. ती घरीच शिकते."

"घरी कोण शिकवते?"

"मी."

"तू मास्तरीण आहे का?"

"नाही. मी तिची आई आहे."

हे बोलताना तिच्या तोंडावर आगाऊपणा नव्हता. खरंच एवढंच उत्तर आहे असं तिला वाटत होतं.

मला तिचं पटलं नाही आणि मी तिला तसं सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकले. कमानिया गेटाच्या मागच्या गल्लीत तेव्हा मराठी पोरांची एक शाळा होती, आता तिथे बांगड्यांचं गोदाम आहे. गोणपाटाच्या पट्टीवर बसायचं, उठ म्हटलं की उठायचं, पाढा चुकला की हातावर छडी. शाळा अशीच असते आणि पोरांनी चार पोरांत जाऊन डबा चोरीला गेल्यावर रडलं पाहिजे, असं माझं मत होतं. वरचीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, दोन वर्षं ती शाळेत गेली ना तिकडे. आधी दिवसभर विचारून राहायची, हे काहून, ते काहून. डोकं उठवायची माझं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, घर शांत झालं. वही भरलेली असायची, अक्षर सुंदर, पण पोरगी काही विचारत नव्हती. मला भीती वाटली."

घर शांत झालं म्हणून भिणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. आमच्या घरात पोरं शांत बसली की आम्ही देवाला हात जोडायचो.

पण तिचं पोरीच्या बाबतीत खोटं नव्हतं. आमच्या घरी येऊन काही महिन्यांत रेवाचं विचारणं परत सुरू झालं, आणि ते मला भोगावं लागलं. गच्चीवर माझी पाण्याची टाकी आहे. तिची सावली कुठवर येते ते मायलेकी तासातासाला गेरूने जमिनीवर आखून ठेवायच्या. सबंध गच्चीवर लाल रेघा. मी ओरडले तर रेवा म्हणते, "आजी, तुमच्या टाकीची सावली दुपारी इतकी लहान काहून होते?"

"मला काय माहीत? चौथीत सावली नव्हती."

"मग पाचवीत होती का?"

"पाचवीत मी नव्हते."

भाजीवाल्याच्या गाडीवर हिशेब तीच करायची. तो मोजून होईपर्यंत ही तोंडी सांगून मोकळी, वर त्याला विचारायची की वांगी वजनावर आणि कोथिंबीर जुडीवर काहून विकता. भाजीवाला तिला मुनीमजी म्हणायचा. लांबून ती दिसली की म्हणायचा, "आ गईं मुनीमजी, अब आज का धंदा गया." एकदा माझ्या कुड्याची फिरकी सैल झाली म्हणून मी सराफ्यात निघाले, तर या दोघी बरोबर. कशाला, तर पोरीला सोनं तोलायचा काटा दाखवायचा होता. सराफाला वाटलं गिऱ्हाईक आलं, त्याने चहा मागवला. काटा बघायला आलो हे कळल्यावर तो वरचीकडे बघतच राहिला. पण तिने त्याला इतकं समजावून सांगितलं की शेवटी त्याने रेवाच्या डोक्यावरचा एक केस काढून पारड्यात ठेवला आणि काटा हलतो का ते तिला दाखवलं. माझी फिरकी त्या नादात तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी मला परत जावं लागलं.

"नीट सांगितलं की माणसाला समजतं," हे तिचं नेहमीचं बोलणं. दूधवाल्याला, शेजाऱ्याला, बँकेतल्या माणसाला, सगळ्यांना ती नीट सांगायची. नवरात्रात आमच्या कोपऱ्यावर देवी बसते. भोंगे असे लावतात की भांडी वाजतात. वरची मंडपात गेली आणि तिथल्या पोरांना नीट सांगून आली की घरात मूल अभ्यास करतं. त्या संध्याकाळी आवाज खरंच निम्मा झाला. "बघा काकू," ती म्हणाली. खरं म्हणजे त्यांचा एक भोंगा जळाला होता. मंडपातला पोरगा मला म्हणाला होता, "काय अम्मा, कल नया आ रहा है." मी तिला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तिला कळलंच.

अशा बाईच्या दारावर एक दिवस मास्साब आले.

मास्साब म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी प्राथमिक शाळेतले शिक्षक. इकडे मास्तरांना मास्साबच म्हणतात. शहपुऱ्याजवळच्या खेड्यातून रोज फटफटीवर यायचे, डोक्याला गमछा गुंडाळलेला, केसांत धूळ. ते पक्के नोकरीवाले नव्हते, अतिथी शिक्षक होते. अतिथी म्हणजे पाहुणा. सरकार त्यांना दरवर्षी नव्याने बोलावणार, आणि नाही बोलावलं तर का नाही हे सांगायची गरज नाही. घरोघर जाऊन शाळेत न जाणारी पोरं शोधायचं काम वरून आलं की ते यांच्याच गळ्यात. आधी त्यांनी मला विचारलं, "अम्मा, ऊपर कोई बच्चा है?" मी म्हटलं, "हमें नहीं मालूम." एवढ्यात वरून हाक आली, "कोण आहे काकू? वर पाठवा ना!"

मी त्यांच्या मागोमाग वर गेले. वरचीने पाणी दिलं, चहा ठेवला, आणि पोरीला पुढे केलं. मास्साबांनी गंमत म्हणून पाढा विचारला. रेवाने पाढा म्हटला आणि वर म्हणाली, "सर, नौ के पहाड़े में अंक जोड़ो तो हर बार नौ ही क्यों आता है?" मास्साब बोटं मोजायला लागले. मग तिने गच्चीवरच्या रेघा दाखवल्या, तोंडी भागाकार केला, नर्मदा कुठून निघते आणि उलट्या दिशेला काहून वाहते ते सांगितलं. वरची कौतुकाने बघत होती. तिला वाटत होतं, हे सगळं बघितलं की माणसाला समजेलच. आणि मास्साबांना समजलंही, पण ते दुसरंच.

"मैडम, इतनी होशियार बिटिया," ते कळवळून म्हणाले, "ये तो स्कूल में होनी चाहिए!"

ती जेवढं दाखवत गेली तेवढे ते ठाम होत गेले. पोरगी ढ असती तर कदाचित सोडून दिलं असतं.

मग येणं सुरू झालं. कधी मास्साब, कधी वॉर्डातली बाई, कधी शिक्षण खात्याच्या ऑफिसातलं कोणी. सहा ते चौदा वर्षांचं मूल शाळेत पाहिजे, कायदा आहे. वरची म्हणायची, मूल शिकलं पाहिजे असं कायद्याच्या मनात आहे ना, मग ते शिकतंय. ते म्हणायचे, हो, पण शाळेत. दर वेळी चहा व्हायचा, दर वेळी ती पहिल्यापासून सगळं सांगायची, दर वेळी ते मान डोलवायचे आणि जाताना तेच म्हणायचे. त्यांच्याजवळ लिहायला दोनच गोष्टी होत्या, मूल शाळेत आहे किंवा नाही. तिसरी गोष्ट लिहायला जागा नव्हती. एकदा मास्साब मला जिन्यात म्हणाले, "अम्मा, मैडम सही कहती हैं. लेकिन सही को लिखूँ कहाँ?"

शेवटी ऑफिसात तिच्या नवऱ्याला त्याच्या साहेबांनी बोलावून विचारलं, की तुम्ही सरकारी माणूस असून तुमची मुलगी शाळेत का नाही? त्या दिवशी त्याच्या चपला जिन्यात वाकड्या पडलेल्या मी पाहिल्या. वरून बोलण्याचा आवाज येत होता, त्याचा एकट्याचा.

तोड मास्साबांनीच काढली. शाळेत नाव घाला, पोरगी घरी शिकू दे, मी हजेरी लावत जाईन. इकडे कितीतरी पोरांचं असंच चालतं, कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी मामाकडे असतं, नाव शाळेत असतं. सगळ्यांचं भलं. वरचीला हे गिळवेना. "म्हणजे ती रोज खोटी हजर राहील," ती मला म्हणाली.

"राहू दे ना व. खोटी हजर राहिली तर पाय दुखणार आहेत का तिचे?"

ती हसली नाही. पण नवऱ्याकडे बघून कबूल झाली.

ते एक वर्ष चांगलं गेलं. हजेरी अगदीच खोटी नको म्हणून वरचीने शाळेची सगळी पुस्तकं आणवली आणि त्यातला प्रत्येक धडा पोरीकडून करून घेतला. मास्साब पुस्तकं द्यायला यायचे आणि रेंगाळायचे. वरचीने भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक कसे शिकवले ते त्यांनी पोरीकडून तीनदा ऐकलं. मी म्हटलं, तुमच्या वर्गात करा की असं. म्हणाले, "अम्मा, मेरे यहाँ रोटी बाँटूँगा तो सवाल से पहले रोटी ख़त्म." पण पुढे एकदा त्यांनी कागदाच्या भाकऱ्या कापून वर्गात नेल्या आणि परत येताना इतके खूश होते की फटफटी बंद न करताच वर ओरडून सांगायला लागले. वरचीने गच्चीवरून ऐकून घेतलं. मला वाटतं, या गावात तिला दोनच माणसं समजून घेणारी मिळाली, एक तो सराफ आणि एक मास्साब.

मग तपासणीचा साहेब आला. शाळेत जाऊन त्याने नावं वाचली आणि बसलेली पोरं मोजली. जी दिसली नाहीत त्यांची घरं बघायला निघाला. मी फाटकापाशी तांदूळ निवडत होते. साहेब पुढे, मास्साब मागे. मास्साबांचं तोंड उतरलेलं, ते डोळ्यांनी मला काहीतरी खुणावत होते. साहेबाला त्यांनी वाटेत काय सांगितलं ते मला काय माहीत? मी आपलं माझ्या डोक्याने चालवलं.

"बच्ची तो शहपुरा गई है," मी म्हटलं. "उधर शादी है."

साहेब मास्साबांकडे वळला. "तुम तो कह रहे थे बुखार है?"

"बुखार में ही गई है," मी म्हटलं.

तेवढ्यात वरून आवाज आला. "काकू, कोण आलं? वर पाठवा ना!" आणि मागोमाग रेवाचा, "आई, लवकर ये, सावली पुढे सरकून राहिली!"

साहेब हसला. माणूस वाईट नव्हता. "अम्मा," तो म्हणाला, "आपका शहपुरा तो ऊपर ही निकला."

वर जाईपर्यंत मी मनात म्हणत होते, आता तरी ही म्हणेल की पोरगी आजारी आहे. एका दिवसाची गोष्ट होती. पोरगी आज आली नाही, एवढ्यावर कोणाची नोकरी जात नाही. साहेबानेच विचारलं, "तबीयत ठीक नहीं है क्या इसकी?" मास्साबांनी डोळे मिटून घेतले.

"बिल्कुल ठीक है," वरची म्हणाली. "ये रोज़ घर पर ही पढ़ती है. आप बैठिए, मैं बताती हूँ."

"और हाज़िरी?"

"वो सर लगा देते हैं. हमारी परेशानी देखकर. बहुत भले आदमी हैं."

ती त्यांची तारीफ करत होती. मास्साब हातातल्या पाण्याच्या पेल्याकडे बघत उभे होते. त्यांनी ते पाणी प्यायलं नाही.

ते गेल्यावर मी तिला बोलले, चांगलंच बोलले. जीभ आवरायला काय झालं होतं म्हणून विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला तोवर कळलंच नव्हतं. "मी जाते त्या साहेबांच्या ऑफिसात," ती म्हणाली. "यात सरांची चूक नाही, हे मी त्यांना नीट सांगते." नवरा नको म्हणाला. मी नको म्हणाले. एकटी कुठे पाठवायची म्हणून शेवटी मी तिच्याबरोबर ऑटोत बसले.

साहेबाने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. तिने सांगितलं, अगदी पहिल्यापासून: पोरीचं विचारणं कसं बंद झालं, घरी कशी शिकते, नवऱ्यावर कसा दबाव आला, मास्साबांनी दया म्हणून कसं नाव घालून दिलं, दोष सगळा आमचा. तो ऐकत होता. मध्ये एकदाही त्याने तिला तोडलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "आप यही सब लिखकर दे दीजिए."

मी तिचा पदर ओढला. "लिहू नको."

"काकू, लिहून दिल्याशिवाय वरच्या साहेबांना कसं कळेल?"

"म्हणूनच म्हणून राहिली मी, लिहू नको."

पण ती लिहायला बसली होती. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. साहेबाने वाचलं आणि म्हणाला, "आपकी लिखाई बहुत सुंदर है." मग चपराशाला बोलावून त्यावर शिक्का मारून घेतला. बाहेर ऑटोची वाट बघत उभ्या होतो तर तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला. "बघा," ती म्हणाली, "ऐकून घेतलं की नाही?" मला तिला धरून हलवावंसं वाटलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

आता हे कोणालाही कळेल. साहेबाजवळ तोवर फक्त त्याने एक दिवस डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मास्साब रोज खोटी हजेरी लावतात याचा पुरावा त्याला तिने दिला, आपल्या हाताने, वळणदार अक्षरात. त्याच कागदाची नक्कल जोडून मास्साबांना नोटीस आली.

ते आले तेव्हा मी जिन्यातच बसले होते. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. वरचीने दार उघडलं, पाणी आणलं, ते आत गेलेच नाहीत, वरच्या पायरीवर बसले.

"मैडम, आपने सब सच लिखा है," ते म्हणाले. "एक अक्षर झूठ नहीं."

"सर, मैं फिर जाती हूँ. मैं उनको समझाऊँगी..."

"नहीं." त्यांनी हात जोडले. "आप बहुत अच्छी हैं. बस अब किसी को कुछ समझाइए मत."

मग तिने विचारलं की काय केलं तर तुमची नोकरी राहील. ते म्हणाले की साहेब पुन्हा बघायला येणार आहे. पोरगी वर्गात बसलेली दिसली, तर सांगता येईल की चूक झाली होती, आता सुधारली.

"और नहीं दिखी तो?"

"तो मैं तो अतिथि हूँ, मैडम."

रेवा आईच्या मागे उभी राहून सगळं ऐकत होती. ते गेल्यावर तिने विचारलं, "सरांना काहून काढतील? आईने तर खरं लिहिलं ना?" आईने पाण्याचा पेला उचलला. बाप चपला नीट लावत होता. मी म्हटलं, "चूप बस." त्या घरात पोरीला चूप बस म्हणायची पद्धत नव्हती. एरवी वरचीने मला तिथल्या तिथे टोकलं असतं. त्या दिवशी टोकलं नाही.

सोमवारी रेवा शाळेचा ड्रेस घालून खाली उतरली. ड्रेस नवा, ढगळ, घड्या तशाच दिसत होत्या. वरची तिचा हात धरून चालली होती आणि वाटेत तिला काहीच सांगत नव्हती. मी फाटकापाशी उभी होते. "आजी, मी तिथे काय करू?" रेवाने मला विचारलं. मला शाळेबद्दल जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं. "बस म्हटलं की बसायचं."

साहेब त्या आठवड्यात आला नाही. पुढच्याही आला नाही. पण तो केव्हाही येईल, म्हणून रोज पाठवावं लागे. थंडी गेली, परीक्षा झाल्या, तो आलाच नाही. सुरुवातीला पोरगी घरी येऊन सांगायची, "आज सरांनी शिकवलं ते मला येत होतं." मी विचारायची, मग? "मग मी तेच परत लिहिलं." पुढे पुढे तेही सांगेना. संध्याकाळी आई विचारायची, आज काय शिकली? "लिहिलं." काय लिहिलं? "फळ्यावर होतं ते." वरून सगळं ऐकू यायचं मला, घर जुनं आहे. दुपारी वर पावलं वाजायची ती एकट्या आईची. गच्चीवरच्या रेघा फिक्या झाल्या आणि नव्या कोणी काढल्या नाहीत. मला जाच होता तो गेला, आता दुपारी झोप लागायला हरकत नव्हती. लागत नव्हती.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा वर्गात नव्या बाई होत्या. मास्साबांना या वर्षी बोलावलं नाही. मी भाजीवाल्याकडून ऐकलं. तो म्हणाला, मास्साब गावीच आहेत, शहपुऱ्याच्या बाजारात कोणाच्या तरी बियाण्याच्या दुकानात बसतात. त्या कागदामुळे की आणखी कशामुळे, कोणालाच माहीत नव्हतं आणि कोणी सांगणारही नव्हतं.

मी वरचीला सांगितलं. न सांगून कळलंच असतं. तिने ऐकलं आणि लगेच साडी बदलून, पर्स घेऊन खाली आली. मी फाटकात उभी राहिले.

"कुठे?"

"ऑफिसात."

"काय सांगशील?"

तिने तोंड उघडलं. मी वाट बघत होते. खरंच सांगते, तिने काहीतरी सांगितलं असतं तर मी बाजूला झाले असते आणि पुन्हा ऑटोत बसले असते. ती तशीच उभी राहिली. मग वळली आणि कठडा धरून एकेक पायरी वर गेली. माझ्या वयाची बाईसुद्धा याहून लवकर चढली असती.

मी तिला नंतर म्हटलं, आता मास्साब गेले, मग पोरीला काढून घे की. ती म्हणाली, "काढलं तर पुन्हा कोणीतरी येईल, काकू. त्यातला एखादा आमचं ऐकेल. मग त्याचं काय होईल?" नवऱ्याने तेवढ्यात नागपूरला बदली मागितली होती, ती मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी मी वाटेसाठी दशम्या केल्या. कोणासाठी करत बसत नाही मी, पण आदल्या दिवसाचं दूध उरलं होतं. डबा घेऊन जिना चढताना मी आपली मनात तयारी करत होते. या पोरीने आजवर मला टाकीची सावली, काट्याचं पारडं, नर्मदेचं उलटं वाहणं असं काय काय विचारून भंडावलं आणि मला एकाचंही धड उत्तर आलं नाही. आता डबा उघडल्यावर ही विचारणार, आजी, दशमीचं पीठ दुधात काहून भिजवतात, पाण्यात काहून नाही? आणि हे मला येत होतं. दुधात भिजवली की प्रवासात दिवसभर मऊ राहते, खराब होत नाही. जिन्यात थांबून मी ते दोनदा मनाशी म्हटलंही.

मी दारावर थाप मारली. आतून पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मग खिडकीकडे गेली. पडदा हलला. काचेमागून वरचीने माझ्याकडे बघितलं, मी डबा घेऊन समोर उभी, आणि तरीही आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे," मी म्हटलं. "खालची."

कडी निघाली. दार हातभर उघडलं. तिने मला या म्हटलं नाही, मीही आत गेले नाही. डबा रेवाने घेतला. झाकण उघडून आत बघितलं, वास घेतला. मी वाट बघत उभी राहिले.

"थँक्यू, आजी," ती म्हणाली, आणि झाकण लावलं.